पुढे चांगले वळण आहे

आमच्या जिल्ह्यातल्या रस्त्यांवर एकूण चारशे सव्वीस सूचनाफलक आहेत आणि त्यांतला एकही नियमाबाहेरचा नाही. हे मी छातीठोकपणे सांगू शकतो, कारण त्या सगळ्यांचा मजकूर माझ्या हातचा आहे. रस्ते विभागात माझे पद ‘मजकूर लिपिक’ असे आहे. रस्ता अभियंता बांधतो, फलक पेंटर रंगवतो. पण रस्त्याबद्दल काय बोलायचे आणि काय नाही, हे माझ्या टेबलावर ठरते. एकोणीस वर्षांत माझ्या एकाही मजकुरावर शब्द जास्त झाल्याचा शेरा आलेला नाही.

अडीच महिन्यांपूर्वी मात्र चारशे सत्ताविसावा फलक लागला. तो आमचा नाही. त्याचे काय करायचे यावर सध्या फाइल चालू आहे आणि त्या फाइलपायी माझ्या घरात बायको माझ्याशी फक्त कामापुरते बोलते. म्हणून आधी सगळे रीतसर सांगतो.

आमच्याकडे फलक रंगवण्याचे काम माझ्या मेव्हण्याकडे आहे. यात वशिला नाही. त्याच्यासारखे अक्षर पंचक्रोशीत कोणाचे नाही. त्याचा ‘ळ’ बघायला लोक सायकलवरून उतरतात. पहिल्या वर्षी मी घाईत ‘रुंदिकरण’ लिहिले, ते त्याने आपल्या मनाने ‘रुंदीकरण’ असे रंगवले. विभागाने त्याचा खुलासा मागवला. शब्द शुद्ध आहे हे विभागाला मान्य होते, पण तो मंजूर नव्हता. तेव्हापासून मेव्हण्याने कानाला खडा लावला आणि कागदावर जे असेल ते बरहुकूम रंगवू लागला. त्यानंतर एकदा मी ‘पुढे पूल आहे’ या मसुद्याखाली पेन्सिलीने ‘खात्री करावी’ असे माझ्यासाठीच लिहून ठेवले होते. आज त्या ठिकाणी ‘पुढे पूल आहे. खात्री करावी’ असा फलक उभा आहे. लोक खरोखर गाडीतून उतरतात, पूल बघतात आणि मग पुढे जातात. त्या पुलावर आजवर एकही अपघात नाही. हे श्रेय कोणाचे, यावर आमचे दोघांचे अजून एकमत झालेले नाही.

आता वळणाकडे येतो. नदीकडून येणारा रस्ता कालव्याच्या कडेने उतरत येतो आणि जुन्या गिरणीपाशी माणसाचे कोपर वळावे तसा एकदम वळतो. कठडा नाही. एका बाजूला गिरणीची भिंत, दुसऱ्या बाजूला दोन पुरुष खोल पाणी. सात वर्षांत तिथून अकरा वाहने कालव्यात गेली. वळण संपले की लगेच गाव सुरू होते. माझा मेव्हणा त्याच गावचा आणि त्याची मुलगी त्याच रस्त्यावरची टपालवाली. स्कूटरच्या पुढे एक पिशवी, मागे एक पिशवी, आणि दिवसातून दोनदा ते वळण.

“दाजी, तिथं एक पाटी लावा हो,” मेव्हणा दर आठवड्याला माझ्या टेबलाशी येऊन उभा राहायचा. “पोरगी रोज जाते तिथनं. घरी येईपर्यंत तिच्या आईचं लक्ष फाटकाकडं असतं.”

“प्रस्ताव चालू आहे,” मी सांगत असे, आणि ते खरे होते. प्रस्ताव चौदा महिने चालू होता. ‘धोकादायक’ हा शब्द आपत्ती विभागाच्या अखत्यारीत येतो. तो वापरायचा तर त्यांची संमती हवी, आणि ते म्हणत होते की आधी आपत्ती येऊ द्या. शिवाय मंजूर फळी तीन फुटांची. ‘धोकादायक’ तिच्यावर मावला असता, पण मग ‘वळण’ मावले नसते. शेवटी मी माझे कसब पणाला लावले. ‘पुढे रस्त्याला धोकादायक वळण आहे’ यातला ‘रस्त्याला’ काढला, कारण फलक रस्त्यावरच उभा आहे, आकाशाबद्दल बोलतोय असे कोणी समजणार नाही. ‘धोकादायक’च्या जागी ‘वाईट’ घातला. झाले: ‘पुढे वाईट वळण आहे’. चार शब्द. साहेबांनी मान डोलावून सही केली.

महिनाभर सगळे सुरळीत होते. कालव्यात काही गेले नाही. भाची एका रविवारी घरी आली आणि तिच्या आत्यासमोर मला म्हणाली, “काका, लोक आता ब्रेक मारतात हो वळणावर. परवा एक ट्रकवाला थांबला आणि मला म्हणाला, ताई, आधी तुम्ही. मला इतकं हसू आलं!” बायकोने मला त्या दिवशी चहा न मागता दिला. चौदा महिने लागले हे खरे, पण त्या चहापुरता मी माणूस म्हणून उपयोगी पडलो असे मला वाटले होते.

एकतिसाव्या दिवशी गावचे अध्यक्ष कार्यालयात आले. पांढरे कपडे, बगलेत फाइल, आणि चेहरा घरात कोणी आजारी असावे तसा.

“तुमच्या विभागानं आमच्या गावाची अब्रू वेशीवर टांगली,” ते म्हणाले.

“काय झालं?”

“काय झालं? गावात शिरतानाच लिहिलंय, पुढे वाईट वळण आहे. म्हणजे आमच्या पोरांना वाईट वळण? आमच्या घरातून काय आम्ही हेच शिकवतो?”

“अहो, ते रस्त्याचं वळण आहे.”

“पाटीवर रस्ता हा शब्द कुठं आहे, दाखवा.”

तो शब्द मीच वाचवला होता.

“माझ्या पुतण्याचं लग्न ठरत आलं होतं,” अध्यक्ष पुढे म्हणाले. “मुलीकडची मंडळी गाडी करून निघाली. पाटी वाचली. तिच्या आजीनं तिथंच सांगितलं, गाडी फिरवा, गावच कबूल करतंय तर आपण कशाला परीक्षा बघायची. फिरवली गाडी आणि गेली मंडळी.”

“कुठे फिरवली?” मी विचारले.

“तिथंच. वळणावर.”

“म्हणजे गाडी हळू होती.”

“साहेबांना भेटायचंय,” अध्यक्ष म्हणाले.

साहेबांनी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिले आणि नियम अकरा दाखवला. नियम अकरा आमच्या विभागाचा कणा आहे. फलकावर हरकत असेल तर अर्जाखाली शंभर सह्या हव्यात. शंभर झाल्या की हरकत आपोआप मान्य होते, अर्जातला मजकूर वाचण्याची आवश्यकता राहत नाही. नव्याण्णवपर्यंत ती तक्रार असते, शंभराव्या सहीला ती लोकभावना होते. साहेब म्हणतात त्याप्रमाणे, वाचले की मतभेद होतात. अध्यक्षांनी फाइलमधून अर्ज काढला. शंभर सह्या होत्या, एकशे एकही नव्हती.

“मग ‘पुढे वळण आहे’ एवढंच ठेवू,” मी सुचवले. “वाईट काढून टाकू.”

“नुसतं वळण?” अध्यक्ष उठून उभे राहिले. “म्हणजे वाईट लिहिताना हात थरथरला नाही, आणि चांगलं म्हणायला जीभ जड होते? चांगलं म्हणा. आधी वाईट म्हणालात त्याची भरपाई झाली पाहिजे.”

साहेबांनी माझ्याकडे बघितले. मी मान खाली घालून लिहिले. ‘पुढे चांगले वळण आहे’. पुन्हा चारच शब्द. फळी तीच वापरता आली, हेही मी टिपणीत नमूद केले.

दुसऱ्या दिवशी मेव्हणा आदेश हातात घेऊन आला. तो कधी आवाज चढवत नाही, त्या दिवशीही चढवला नाही.

“दाजी, हे मी रंगवणार नाही. हे खोटं आहे.”

“तुला खरंखोटं कोणी विचारलंय? गावाची मागणी आहे.”

“कोणी केली मागणी? बघू तरी तो अर्ज.”

मी अर्ज त्याच्यापुढे ठेवला. त्याने दोन ओळी वाचल्या आणि तो खाली बसला. अर्ज सुंदर अक्षरात होता. त्यातल्या ‘वळण’ शब्दातला ‘ळ’ बघायला कोणीही सायकलवरून उतरला असता.

“न्हाव्याकडं बसलो होतो,” तो म्हणाला. “अध्यक्ष म्हणाले, तुमच्या अक्षराला काय वळण आहे, एवढ्या चार ओळी उतरवून द्या. मी दिल्या.”

“मजकूर नाही बघितलास?”

“मी अक्षर बघत होतो, दाजी.”

खुलासा मागवण्याची माझी इच्छा झाली नाही. त्याने ब्रश उचलला, गिरणीपाशी गेला आणि ‘वाईट’ पुसून ‘चांगले’ लिहिले. बरहुकूम.

एकाची पाटी बदलली की दुसऱ्याला आपली टोचू लागते. आठवड्याभरात विभागात अर्जांची रीघ लागली. माध्यमिक शाळेच्या मुख्याध्यापकांची हरकत अशी, की शाळेच्या फाटकासमोरच ‘पुढे रस्ता नाही’ असा फलक आहे आणि शेवटच्या वर्षाची मुले तो रोज वाचतात. शंभर सह्या होत्या; मी तो ‘पुढे अनेक वाटा आहेत’ असा केला. पुढे नदी आहे. निवृत्त अधिकाऱ्यांच्या वसाहतीला दारातला ‘पुढे तीव्र उतार’ सहन होईना. तिथे ‘पलीकडून येणाऱ्यांस चढ’ असे लिहून त्यांच्या उतारवयाचा मान राखला. एका लोकप्रतिनिधीच्या बंगल्यासमोर ओल येते, म्हणून ‘येथे पाय घसरतो’ असा फलक होता. त्यावर शंभर नव्हे, चारशे सह्यांची हरकत आली. बंगल्यात माणसेच तेवढी येतात. आता तिथे ‘येथे पाय घट्ट रोवलेले आहेत’ असे आहे, आणि पावसाळ्यात माणसे त्या फलकाचाच खांब धरून उभी असतात.

आमच्या स्वतःच्या कार्यालयाच्या फाटकाशी ‘पुढे गतिरोधक आहे’ असा फलक होता. त्यावर खुद्द साहेबांनी हरकत घेतली. शंभर सह्या एका दुपारी, एकाच इमारतीतून गोळा झाल्या. आमच्या इतिहासातले हे सर्वांत जलद काम. फलक निघाला. गतिरोधक निघाला नाही, कारण त्याची फाइल वेगळी आहे. साहेबांच्या गाडीचा मागचा पाटा त्याच आठवड्यात मोडला.

मग एक गोष्ट झाली जी माझ्या कल्पनेत नव्हती. लोकांना फलक आवडू लागले. कोणीतरी फोटो काढून फोनवर फिरवले आणि दूरदूरची माणसे फक्त आमच्या पाट्या बघायला येऊ लागली. गाड्या भरून यायची, फोटो काढायची, पोट धरून हसायची आणि जाताना म्हणायची, काय एकेक नमुने आहेत! कोणाला म्हणायची, ते त्यांनी सांगितले नाही. सर्वांत जास्त गर्दी गिरणीपाशी. ‘पुढे चांगले वळण आहे’ या फलकाखाली मुलाला उभे करायचे, त्याच्या खांद्यावर हात ठेवायचा आणि फोटो. घराघरात तो फोटो लागला. अध्यक्षांचा ऊर भरून आला. त्यांच्या पुतण्याचे लग्न ठरले.

वरच्या कार्यालयाने मला ‘सकारात्मक मजकूर’ असे प्रशस्तिपत्र दिले. मी ते पिशवीत घालून घरी आणले. भाची त्या दिवशी आमच्याकडे आली होती. तिने ते उलटून पालटून बघितले.

“काका, वळणावर परत तसंच चाललंय हं,” ती म्हणाली. “बाहेरचे लोक पाटी वाचत येतात. चांगलं वळण म्हटल्यावर कशाला हळू करतील? परवा मी भिंतीला घासून थांबले. खाली उभे असतात त्यांचं लक्ष फोटोत आणि वरून येतात त्यांचं पाटीत.”

“अर्ज कर,” मी म्हणालो. “शंभर सह्या आण.”

“कोणाच्या? फोटोवाल्यांच्या?”

मी प्रशस्तिपत्र पुन्हा पिशवीत घातले.

तो मंगळवार होता, सकाळचे साडेदहा, स्वच्छ ऊन. एक गाडी नदीकडून उतरत आली. चालवणारा गाडीतल्या मंडळींना पाटी मोठ्याने वाचून दाखवत होता, असे त्यांनीच नंतर सांगितले. ‘चांगले’पर्यंत वाचून झाले तेव्हा समोर स्कूटर आली. भाचीने स्कूटर कालव्याच्या बाजूला काढली, कारण दुसरी बाजू गाडीने घेतली होती. स्कूटर पाण्यात गेली, भाची मात्र काठावर रुतलेल्या, गिरणीच्या जुन्या लोखंडी गजाला धरून राहिली. गुडघा मोडला. पत्रे पाण्यावर पसरली आणि गावाच्या दिशेने वाहत गेली. त्या दिवशी टपाल वेळेआधी पोचले, असे गावात कोणीतरी म्हणाले आणि दोघे हसले. मी त्यांची नावे टिपून ठेवणार होतो. टिपून काय करणार होतो ते मला माहीत नाही.

दवाखान्याच्या बाकावर मेव्हणा बसला होता. नखांत पांढरा रंग होता. मी शेजारी बसलो तेव्हा त्याने सरकून जागा केली. मला इतकी लाज वाटत होती की त्याने एक शिवी दिली असती तर बरे झाले असते. पिशवीत प्रशस्तिपत्र तसेच होते.

चौकशी समिती नेमली गेली. समितीचा अहवाल अर्थातच मलाच लिहावा लागला, कारण मजकूर माझ्याकडे आहे. समितीने प्रथम अभिलेख तपासले. अभिलेखाप्रमाणे वळण चांगले होते. चांगल्या वळणावर अपघात होऊ शकत नाही. झाला, याचा अर्थ दोष वळणाचा नाही. गाडीवाल्याने पाटी वाचली होती, म्हणजे तो नियमाने चालला होता. राहिली टपालवाली. निष्कर्षाचे वाक्य समितीने तोंडी सांगितले आणि मी उतरवून घेतले: ‘सदर महिलेस चांगले वळण उपलब्ध करून देण्यात आले होते, तथापि ते तिला घेता आले नाही.’

अहवालाची प्रत अपघातग्रस्तास समक्ष देऊन पोच घ्यावी, असा नियम आहे. मी ती घेऊन दवाखान्यात गेलो. ती पाय वर टांगून पडली होती. वाचता वाचता तिचे ओठ हलले. मला वाटले रडते आहे.

“काका,” ती म्हणाली, “आईबाबांना सांगा. सत्तावीस वर्षांत त्यांना कळलं नाही ते समितीनं शोधून काढलं. मला वळणच नाही म्हणे.”

“ते रस्त्याचं...” मी म्हणालो आणि थांबलो.

“आणि हे जोडपत्र काय आहे?”

जोडपत्र म्हणजे गावच्या अर्जाची नक्कल. समितीने ती मुद्दाम जोडली होती, आणि तळाच्या एका सहीभोवती लाल वर्तुळ काढले होते. खाली माझ्याच अक्षरात लिहिले होते: ‘वळण चांगले असल्याचे सदर महिलेने पूर्वीच सहीनिशी मान्य केले आहे.’ शंभरावी सही तिची होती.

तिने ती सही खूप वेळ बघितली.

“माझीच आहे,” ती म्हणाली. “अध्यक्षांच्या दारात टपाल द्यायला गेले होते. मी म्हटलं, इथं सही करा. त्यांनी केली, आणि म्हणाले, आता तुम्ही इथं करा. फिट्टंफाट. मला पुढची बारा घरं करायची होती, काका. मी दिवसभर लोकांना सांगते, वाचू नका, नुसती सही करा. कोणी मला सांगितलं तर मी कशी वाचणार?”

पोच घ्यायची राहिली. मी विसरलो असे फाइलवर लिहिले आहे.

त्यानंतर चार दिवसांनी गिरणीपाशी चारशे सत्ताविसावा फलक लागला. साधी लाकडी फळी, कुंपणाच्या खांबाला तारेने बांधलेली, आमच्या मंजूर फलकाच्या अलीकडे दहा पावलांवर. रंग घरचा. अक्षर कोणाचे हे विचारायची गरज नव्हती. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा त्याने स्वतःचा मजकूर लिहिला होता:

‘पुढे काय आहे ते सगळ्यांना ठाऊक आहे.’

दुसऱ्या दिवशी साहेबांनी मला पाहणीला पाठवले. मी गिरणीच्या भिंतीला टेकून दोन तास उभा राहिलो. गावची माणसे पाटी वाचून गाडी हळू करत, कारण त्यांना ठाऊक होते. बाहेरची माणसे त्याहून हळू करत, कारण सगळ्यांना ठाऊक आणि आपल्यालाच नाही, या विचाराने भल्याभल्यांचा पाय ब्रेकवर जातो. एक गृहस्थ तर उतरले, वळणापर्यंत चालत गेले, कालव्यात डोकावले आणि घाम पुसत परत आले. कोणी हसले नाही. फोटोही काढला नाही.

फलक बेकायदा होता यात शंका नाही. पण बेकायदा फलक काढण्याचा जो अर्ज आहे, त्याचा रकाना चार असा: ‘फलकावरील मजकूर असत्य कसा, ते स्पष्ट करावे.’ साहेबांनी पेन उघडले. पुढे काय आहे ते कोणाला ठाऊक नाही, असे लिहावे तर ही चौकशी कसली केली? आणि ठाऊक आहे, असे लिहावे तर पाटी खरी. साहेबांनी पेनला टोपण लावले आणि फाइल माझ्याकडे सरकवली.

“तूर्त राहू दे,” ते म्हणाले.

ते तूर्त अडीच महिने टिकले. कालव्यात एक चाकही गेले नाही. भाची काठीवरून बिनकाठीवर आली. येत्या एक तारखेला ती कामावर रुजू होते आहे, त्याच रस्त्यावर. दुसरा रस्ता मागितला होता, पण दुसऱ्या रस्त्याची टपालवाली म्हणाली, त्यापेक्षा मी नोकरी सोडते. नवी स्कूटर आली आहे. मेव्हण्याने तिच्यावर तिचे नाव रंगवून दिले. गेल्या रविवारी माझी बायको वळणापर्यंत चालत जाऊन ती पाटी डोळ्यांनी बघून आली आणि घरी येऊन म्हणाली, “घरात एकाला तरी लिहिता येतं.”

सोमवारी अध्यक्ष आले. चेहरा पुन्हा तोच.

“सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणजे काय ठाऊक आहे?” त्यांनी विचारले.

“तुम्हाला नाही का ठाऊक?”

“विषय बदलू नका. गावात घराघरांत भांडणं लागलीत. नवरा बायकोला विचारतो, तुझं काय ठाऊक झालं? बायको सासूला विचारते, तुम्ही कोणाला सांगितलं? परवा शेजारी आपण होऊन माझी शिडी परत देऊन गेला, चार वर्षांनी. असं कसं चालेल? माणसाला गावात तोंड दाखवायचं असतं.”

“पण अपघात थांबलेत.”

“अपघात काय, वर्षातून एखादा. बदनामी रोजची आहे.” त्यांनी फाइल उघडली. “अर्ज फिरतोय. या वेळी अक्षर तेवढं चांगलं नाही, तुमचे मेव्हणे नाही म्हणाले. पण नियमात अक्षराचं काही नाही ना?”

नियमात नव्हते. नियमात सही करणारा त्या गावचा असावा, असेही नव्हते. ते मीच पूर्वी शब्द वाचवायला काढून टाकले होते. मेव्हण्याने सही केली नाही. भाचीने अध्यक्षांना पाणी दिले, पाय दाखवला आणि दार लावले. गावात आणखी काही घरांनी या वेळी पाठ फिरवली, असे ऐकतो, म्हणून कागद आता गावाबाहेर पडला आहे. काल संध्याकाळपर्यंत नव्याण्णव झाल्या होत्या. मी मजकूर लिपिक असल्यामुळे मला सही करता येत नाही, हे माझे नशीब. खरे सांगतो, मी केली असती का, हे मी स्वतःला अजून विचारलेले नाही. नवा मजकूर मात्र मी तयार करून ठेवला आहे, कारण आयत्या वेळी धावपळ नको: ‘पुढे काय आहे ते कोणालाही ठाऊक नाही.’ तो कच्चाच होता. काल मी त्याची स्वच्छ प्रत केली. बायकोने ती टेबलावर बघितली. तेव्हापासून ती माझ्याशी कामापुरते बोलते.

आता सगळे एका सहीवर आले आहे. कागद घेऊन फिरणारा माणूस सज्जन आहे, ओळखीतला आहे आणि थोडा घाईत असतो. तो दुकानात भेटतो, जिन्यात भेटतो, लग्नात शेजारच्या खुर्चीवर बसतो. ‘काही नाही हो,’ असे म्हणतो. ‘रस्त्याच्या पाटीचं काहीतरी आहे. सगळ्यांनी केली.’ अर्ज चार ओळींचा आहे. तुम्ही एवढी मोठी गोष्ट वाचलीत, तेव्हा चार ओळी वाचायला हरकत नसावी. पण ही गोष्ट होती, अधूनमधून हसू आले म्हणून वाचलीत. अर्जात हसण्यासारखे काही नाही. शिवाय तुम्हालाही पुढची कामे असतातच.

तो काल तुमच्या गल्लीत होता असे कळते. शंभर आकड्यापुढची ओळ मोकळी आहे. पेन शोधत बसू नका, ते तोच देतो.